केरबाचा उजवा हात

"हात वर कर," कॅप्टन कांगा म्हणाले.

केरबानं डावा हात वर केला.

"तो नाही. उजवा."

केरबा आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. हात मांडीवर पडून होता, दुसऱ्याच कुणीतरी विसरून गेल्यासारखा. कॅप्टनसाहेबांनी टाचणी काढली आणि मनगटापासून कोपरापर्यंत टोचत नेली. प्रत्येक टोचणीला केरबाचा चेहरा आक्रसायचा.

"दुखतं?"

"दुखतं, साहेब."

"म्हणजे हात जिवंत आहे. मग उचल."

"उचलत न्हाई, साहेब."

"उचलत नाहीस की उचलवत नाही?"

केरबाला या दोन्हींतला फरक कळला नाही, किंवा कळून त्यानं उत्तर दिलं नाही. कॅप्टनसाहेब आमचे डॉक्टर, मुंबईचे पारशी. त्यांचा आवाज कधी चढत नसे. त्यांनी टाचणी कोटाच्या कॉलरला लावली आणि मला म्हणाले, "आरोलकर, हाड शाबूत आहे, नस शाबूत आहे. याचा हात धुऊन घे आणि त्याला जेवू घाल."

ही इटलीतली गोष्ट, लढाईच्या शेवटच्या हिवाळ्यातली. डोंगराच्या कुशीत ख्रिस्ती जोगिणींची एक शाळा होती, तिचंच आम्ही इस्पितळ केलं होतं. वर्गांत बाकांच्या जागी खाटा आल्या होत्या, पण फळ्यांवर मुलांनी लिहिलेली गणितं तशीच राहिली होती. मी तिथं शुश्रूषेचा शिपाई. वेंगुर्ल्याच्या मिशनच्या शाळेत मॅट्रिकपर्यंत गेलेलो, त्यामुळे इंग्रजी येई, आणि मला लहानपणापासून चौकशीची खोड. आई म्हणायची, हा देवळात गेला तर देवालाही विचारील की जेवलास का.

केरबाचा हात धुताना मला त्या खुणा दिसल्या. मनगटाच्या वरच्या बाजूला चार निळे-काळे डाग ओळीनं, आणि आतल्या बाजूला एक मोठा.

"हे कशानं?" मी विचारलं.

"कशानं काय. लागलं आसंल."

"असं ओळीनं लागतं?"

तो भिंतीकडे बघू लागला. भिंतीवरच्या चित्रात जोगिणींचा कुणी साधू, हातात कोकरू घेऊन उभा होता. केरबा आल्यापासून त्याच्याकडेच बघत असे.

केरबा दडस हा माणदेशातला धनगर. वय पंचवीसच्या आसपास, उंच, हडकुळा. शांततेच्या काळात त्याच्यासारख्याला लढाऊ पलटणीत कुणी घेतलं नसतं. लढाई लांबली, माणसं कमी पडू लागली, तशी भरती करणाऱ्यांनी कळपामागं फिरणाऱ्यांनाही हाक दिली. तो गाडीतून उतरून आपल्या पायांनी इस्पितळात शिरला होता, तरी दाराशी बंदूकवाला पहारा होता. पहारा शत्रूसाठी नव्हता, केरबासाठी होता.

त्याच दिवशी, त्याच गाडीतून, आणखी एक रुग्ण आला होता. लेफ्टनंट मालोजीराव रणनवरे. त्यांच्या अंगावरही ओरखडा नव्हता. त्यांची वाचा गेली होती. तोंड उघडायचे, घशाची शीर ताठायची, पण शब्द येत नसे. अधिकाऱ्यांच्या दालनाचं छप्पर गोळ्यानं उडालेलं असल्यामुळे त्यांना आमच्या वॉर्डाला लागून असलेल्या लहान खोलीत ठेवलं होतं. ते जहागीरदारांच्या घरचे. पणजोबांची तलवार त्यांच्या देवघरात पूजेला असते, असं पलटणीतले लोक सांगत. पलटणीत येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं. शिपाई त्यांना वाईट म्हणत नसत, पण जवळचेही मानत नसत. घरी त्यांना नोकरांशी बोलायची एक भाषा शिकवली होती, देहरादूनला साहेबांशी बोलायची दुसरी, मधली त्यांना कुणी दिलीच नव्हती.

दोघांना काय झालं ते सगळ्या इस्पितळाला पाठ होतं. नदीकाठच्या एका शेतघरात पलटणीची पुढची चौकी होती. लेफ्टनंट रणनवरे, सुभेदार हैबती कदम आणि मूठभर शिपाई. एका सकाळी जर्मन तोफा सुरू झाल्या आणि दिवस कलला तरी थांबल्या नाहीत. भिंत पडली. तेव्हा केरबा दडस जागा सोडून पळाला. त्याला परत आणायला लेफ्टनंटसाहेब त्याच्या मागं धावले आणि तोफेच्या माऱ्यात सापडले. दुसऱ्या दिवशी बरंच मागं, एका गोठ्यात, दोघं सापडले. मधल्या काळात सुभेदारांनी उरलेल्यांना घेऊन चौकी राखली. त्यांचे दोन शिपाई तिथं मेले.

ही हकिकत सुभेदारांनी सांगितली होती. त्यांनी स्वतः पाहिलं होतं. केरबाला विचारलं तर तो गप्प. साहेबांना विचारायची सोयच नव्हती; कागद-पेन्सिल दिली तर नुसत्या रेघोट्या उठत.

म्हणून एकाच्या खाटेवर 'थकवा' अशी चिठ्ठी होती, उशाशी ब्रँडी आणि चॉकलेट होतं, आणि नेपल्सला जाणाऱ्या गाडीत त्याची जागा ठरली होती. दुसऱ्याच्या खाटेवर नुसतं 'चौकशी होईपर्यंत' होतं. चौकशीनंतर त्याचं काय होणार, हे कुणी त्याला सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती.

मला मात्र एक गोष्ट चैन पडू देत नव्हती. साहेबांच्या खोलीचं दार.

पहिल्या दिवशी थंडी आत येते म्हणून मी ते लावून घेतलं. मागं वळतो तोच आत काहीतरी आपटल्याचा आवाज झाला. दार उघडून बघतो तर साहेब खाटेवरून खाली उतरलेले, भिंत धरून उभे, घामानं निथळत. मी त्यांना निजवलं आणि पुन्हा दार लावलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा दार उघडंच ठेवलं आणि लांबून बघत राहिलो. साहेब कुशीवर वळले आणि शांत पडून राहिले. त्यांच्या उशीवरून वॉर्डातल्या साऱ्या खाटा दिसत नसत. दोनच दिसत. एक रिकामी होती.

मी केरबाला म्हणालो, "साहेब तुझ्याकडे बघत असतात."

"बघू द्या."

"का बघतात?"

"बाबू, तुमी लई इचारता." तो मला बाबू म्हणत असे. "त्यास्नी झोप लागली का?"

"आता लागली आहे."

"मग दार लावू नगा."

त्यानं एवढ्या दिवसांत आपण होऊन काही मागितलं ते हेच.

सुभेदार हैबती कदम तिसऱ्या की चौथ्या दिवशी दुपारी आले. साताऱ्याकडचे, पन्नाशीला टेकलेले, पिळाच्या मिशा, एका कानाच्या पाळीला जुन्या लढाईतली खाच. ते आले की जखमी शिपाईसुद्धा पाठ सरळ करून बसत. आधी ते साहेबांच्या खोलीत गेले. बूट जुळवून सलाम केला, सिगारेटचा डबा उशाशी ठेवला आणि मऊ आवाजात म्हणाले, "साहेब, पलटण आठवण काढती. आपन पोरामागं गेला, ही गोष्ट समद्या कंपनीत झालीया. बापजाद्यांचं नाव राखलंत."

लेफ्टनंटसाहेबांचे ओठ हलले. घशातून एक घरघर आली. त्यांनी मान जोरजोरात हलवली. सुभेदारांना वाटलं, साहेब विनय करतायत. त्यांनी पुन्हा सलाम ठोकला.

बाहेर पडताना ते केरबाच्या खाटेशी थांबले. केरबा उठून उभा राहिला.

"मारुती आन् शंकऱ्या गेलं," सुभेदार म्हणाले. "ठावं हाय का तुला?"

"व्हय."

"शंकऱ्या तुझ्या जाग्यावर जाऊन बसला हुता. तुझी जागा मोकळी हुती म्हणून."

 केरबा पुन्हा भिंतीवरच्या कोकराकडे बघू लागला.

मी सुभेदारांच्या मागोमाग बाहेरच्या सोप्यात गेलो. त्यांनी विडी पेटवली. समोर चिखलात खेचरं उभी होती आणि त्यांच्या पाठीवर बर्फ भुरभुरत होता.

"सुभेदारसाहेब, त्याचा हात खरंच उचलत नाही. डॉक्टरांनी पाहिलंय," मी म्हणालो.

"वाचा गेली साहेबाची. ह्याचा हात जायला काय झालं?" त्यांनी धूर सोडला. "आरोलकर, तू शिकलेला हायस. तुला वाटत आसंल, म्हातारा कसाई हाय. तसं न्हाई. उद्या ह्यो लाम सपला, लढाई मिटली आन् रणनवरेसाहेब घरला गेलं, तर लोक मुजराच करनार. लढलं तरी मुजरा, न लढलं तरी मुजरा. माझ्या घरी काय हाय? डोंगरउताराचं वावर, त्यात दगडंच पिकत्यात. ह्या दडसाच्या घरी तेबी न्हाई. मग लोक आमाला कशावर वळखायचं? ह्यो गडी लामावरनं आला, मागं हटला न्हाई, ह्याच्यावरच न्हवं? तेवढीच एक जहागीर गरिबाची. ती ज्यानं फुकली, त्यानं एकट्याची न्हाई फुकली. माझीबी फुकली."

 

चौकशीचा दिवस उजाडला. ब्रिगेडकडून एक गोरा मेजर आला होता आणि खाली जोगिणींच्या भोजनगृहात टेबल मांडून बसला होता. त्याची हिंदुस्थानी कामापुरती, केरबाची त्याहून कमी, म्हणून दुभाष्याचं काम माझ्यावर आलं. केरबाला खाली न्यायला सुभेदार स्वतः वर आले. दुपारची वेळ होती आणि बऱ्याच दिवसांनी ऊन पडलं होतं.

केरबा तयार होऊन खाटेवर बसला होता. सुभेदारांनी खिशात हात घातला आणि काहीतरी काढून त्याच्या मांडीवर टाकलं. टेलिफोनची लाल तार होती, नीट गोल पिळून केलेल्या दोन बांगड्या. 

"घाल," सुभेदार म्हणाले.

केरबानं वर बघितलं.

"म्होरल्या दारानं मर्दावानी जायाचं तुझं नशीब न्हाई. हे घालून चल. मेजरसाहेबाला दिसू दे, कोन आलंय ते."

मला वाटलं, केरबा त्या फेकून देईल. त्यानं त्या डाव्या हातानं उचलल्या, उलटसुलट करून पाहिल्या आणि एकेक करून उजव्या मनगटात सारल्या. त्याचा चेहरा शांत होता. तार त्या निळ्या डागांवर येऊन बसली तेव्हा तेवढे त्यानं दातांवर दात धरले.

दारात पावलं वाजली. लेफ्टनंटसाहेब अनवाणी बाहेर आले होते. अंगात इस्पितळाचा ढगळ सदरा, दाढी वाढलेली. सुभेदार ताडकन सावधान झाले. साहेबांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. ते सरळ केरबाच्या खाटेशी आले, खाली बसले, दोन्ही बांगड्या त्याच्या हातातून काढून जमिनीवर ठेवल्या आणि त्याचं मनगट आपल्या हातात धरलं.

मी जवळच उभा होतो. मी बघितलं. त्यांची चार बोटं वरच्या चार डागांवर बसली आणि अंगठा आतल्या मोठ्या डागावर. न शोधता, न चाचपता. वहिवाटीची जागा असावी तशी.

सुभेदारांनीही बघितलं. त्यांची नजर त्या मनगटावर गेली ती हलेना. पळणाऱ्याला मागून धरलं तर बोटं अशी पडत नाहीत. आणि मागून धरणारा एवढं घट्ट, एवढा वेळ धरून बसत नाही. बुडणारा धरतो तसं ते धरलेलं होतं.

 मग सुभेदार वाकले, जमिनीवरच्या बांगड्या उचलून खिशात टाकल्या आणि केरबाला म्हणाले, "चल." पण आवाज पहिल्यासारखा नव्हता.

खाली मेजरनं मान वर न करता विचारलं, "शिपाई दडस, तू चौकी सोडलीस?"

मी मराठीत सांगितलं.

"व्हय," केरबा म्हणाला.

"का?"

"भ्या वाटलं."

मेजरनं वर बघितलं. इतकं सरळ उत्तर त्याला अपेक्षित नसावं. "आणि लेफ्टनंट रणनवरे तुझ्या मागे आले?"

केरबा म्हणाला, "सायेब संगं हुतं."

मी इंग्रजीत 'बरोबर होते' असं सांगितलं. मेजरची पेन्सिल थांबली. "नीट विचार. बरोबर, की मागे?"

मी विचारलं. केरबानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी साधी गोष्ट उगीच अवघड करतोय. "संगं," तो म्हणाला.

"सुभेदारानं वेगळं पाहिलंय," मेजर म्हणाला. "शिपाई स्वतःला वाचवायला अधिकाऱ्यावर घालतोय, असं याचा अर्थ होतो. हे त्याला समजतं का?"

तेवढ्यात भोजनगृहाचं दार उघडलं. लेफ्टनंटसाहेब आत आले. कुणीतरी त्यांच्या खांद्यावर कोट टाकला होता, पण पाय अजून उघडेच होते. मेजरशेजारी बसलेले कॅप्टन कांगा उठून त्यांच्याकडे जाऊ लागले, साहेबांनी हातानं त्यांना थांबवलं. ते टेबलाशी उभे राहिले. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. कपाळावरची शीर इतकी फुगली की मला वाटलं, आता हे पडतील. आणि मग आवाज आला. घोगरा, फाटका, पण आवाज. आधी इंग्रजीतून: "तो खरं सांगतोय. आम्ही दोघे पळालो." मग सुभेदारांकडे वळून मराठीत: "दोघं पळालो, सुभेदार. मी काही त्याच्यामागं गेलो नव्हतो."

मेजर उठून उभा राहिला. त्यानं साहेबांना खुर्ची दिली, पाण्याचा पेला दिला. तो हसला, आणि ते हसणं खरोखर प्रेमळ होतं. "माय डियर रणनवरे, तुम्ही आजारी आहात. आपल्या माणसाला वाचवायला अधिकारी आपलं नाव डागाळून घेतो, हे तुमच्या घराण्याला शोभण्यासारखंच आहे. मी ते तसंच लिहीन. पण खरं म्हणून लिहिता येणार नाही."

साहेब त्याच्याकडे बघतच राहिले. वाचा आली होती, आणि तिचा काही उपयोग नव्हता. मी तोवर पाहिलेल्या माणसांत, भित्रा म्हणवून घेण्यासाठी झटणारा आणि ज्याला ते मिळत नाही, असा तो पहिलाच.

"हुजूर," सुभेदार म्हणाले.

ते सावधान उभे होते, नजर समोरच्या भिंतीवर. "माझी जबानी दुरुस्त करायची हाय."

मी सांगितलं. मेजर खाली बसला. "बोल."

"धूर लई हुता. मला दोन मानसं दिसली. एकमेकाला धरून. म्होरं कोन, मागं कोन, ते दिसलं न्हाई."

"सोमवारी तू म्हणालास, शिपाई पुढे होता आणि साहेब त्याच्या मागे. तू म्हणालास, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं."

"व्हय हुजूर. मला जे दिसायला पायजे हुतं, ते मी बघितलं."

हे वाक्य इंग्रजीत नेताना मी अडखळलो. दोनदा सांगावं लागलं.

मेजरनं पेन्सिल टेबलावर ठेवली. "सुभेदार, तुझी नोकरी मोठी आहे. जबानी फिरवणाऱ्या सुभेदाराबद्दल वर काय मत होतं, ते तुला ठाऊक आहे?"

"ठावं हाय, हुजूर."

"तरी?"

"तरी."

आता मेजरपुढं दोनच वाटा होत्या. दोघांवर खटला भरायचा, किंवा कुणावरच नाही. रणनवऱ्यांच्या मुलावर भित्रेपणाचा खटला भरणं ब्रिगेडला परवडणारं नव्हतं, हे त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं, केरबालासुद्धा. मेजर कॅप्टन कांगांकडे वळून म्हणाला, "डॉक्टर, या शिपायालाही थकवाच आहे का?"

"पहिल्या दिवसापासून," कॅप्टन कांगा शांतपणे म्हणाले. "मला कुणी विचारलं नव्हतं."

दाराशी बसलेला पहारा त्या दुपारी उठला.

सुभेदार पायऱ्यांवर बसले होते. मी त्यांना चहा नेऊन दिला. मला विचारल्यावाचून राहवेना. "सुभेदारसाहेब, तुम्ही असं का केलंत?"

ते चहाच्या वाफेकडे बघत होते. "त्यो साहेबाचा हात बघितलास?"

"बघितला."

"माझ्या बापाला नदीतनं काढला हुता लोकांनी, तवा त्यानं लव्हाळं आसंच धरलं हुतं. बोटं सोडवाय लागली." त्यांनी घोट घेतला. "मला वाटायचं, भ्या हे आमच्या घरचं. जहागिरीत नसतंय. लहानपणापासनं तसंच ऐकलं, तसंच पोरास्नी सांगितलं. मग आता काय, एकाला मुजरा करू आन् एकाला फासावर देऊ?"

"म्हणजे तुम्ही केरबाला माफ केलंत."

"म्या?" त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. "मारुती आन् शंकऱ्याला इचार माफ केलं का. बांगड्या आनल्या त्या चुकीच्या न्हवत्या. एकच जोड आनला, तेवढं चुकलं."

आणि त्यांनी खिशातली तार काढून सरळ करायला घेतली. टेलिफोनवाल्यांना परत द्यायची होती.

दुसऱ्या दिवशी लेफ्टनंटसाहेबांची गाडी आली. जाताना ते केरबाच्या खाटेशी थांबले. आवाज आला असूनही दोघांना बोलायला काही सापडत नव्हतं. शेवटी साहेब म्हणाले, "केरबा, येऊ मी?" असं त्यांनी कुणा शिपायाला विचारलेलं आम्ही ऐकलं नव्हतं. केरबा म्हणाला, "या. आता काय न्हाई व्हत." साहेब गेले.

त्या दिवशी संध्याकाळच्या चहाला मी केरबाचा मग नेहमीसारखा डाव्या बाजूला ठेवला. त्यानं तो उजव्या हातानं उचलला आणि प्यायला लागला.

"अरे, हात," मी म्हणालो.

"आला," केरबा म्हणाला, आणि फुंकर घालून चहा प्यायला. कॅप्टनसाहेबांनी पुन्हा टाचणी घेऊन तपासलं, डोकं हलवलं आणि त्याला पलटणीच्या खेचरांच्या कामावर पाठवून दिलं.

लढाई संपली. सुभेदार कदमांना सुभेदार-मेजर करायचं ठरत आलं होतं, ते झालं नाही. दुसऱ्या कुणाला केलं. ते पेन्शनीवर गावी गेले, असं कळलं. मी कंपाउंडरची परीक्षा दिली आणि बदल्यांवर फिरत फिरत दहा-बारा वर्षांनी माणदेशातल्या एका सरकारी दवाखान्यात येऊन पडलो. तिथं आल्यापासून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक धनगराला विचारत असे. एक दिवस एकानं बोट दाखवलं.

माळावर बाभळीखाली मेंढरं बसली होती. केरबा जाड झाला होता, मिशा पिकल्या होत्या. त्यानं मला लगेच ओळखलं. घोंगडं पसरलं, शेळीचं दूध काढून दिलं. इकडचं तिकडचं झालं. मग मी विचारलंच.

"केरबा, त्या दिवशी आधी कोण पळालं?"

"अजून इचारताच का, बाबू." तो हसला. "न्हाई ठाऊक. भिंत पडली, पायच पळालं. बघतो तर सायेब शेजारी. मग गोठा दिसला, आत शिरलो. मी बसलो. सायेब बी बसला, पर त्यो आतनं पळतच हुता. अंग आसं उडायचं. म्होरं माळ हुता मोकळा, समोरनं बंदुका चाललेल्या. तिथं पाय टाकला आसता तर झालं हुतं."

"म्हणून त्यांनी तुझा हात धरला."

"त्यांनी कुठला. म्या दिला." त्यानं शेजारी बसलेल्या एका मेंढीच्या पाठीवर हात ठेवला. "ईज कडाडली का मेंढरू बुजतं. दाव्यानं ऱ्हात न्हाई, धाकानं ऱ्हात न्हाई. अंगावर हात ठिवून बसायचं. पर हात उचलायचा न्हाई. उचलला का ते उठलंच, आन् मग कळपाच्या कळप कड्यावरनं जातो. रातभर बसलो. कितींदा वाटलं काढावा, बोटं लई रुतत हुती."

"आणि इस्पितळात?"

"सायेब हुता न्हवं शेजारच्या खोलीत. दार उघडं हुतं." त्यानं मेंढीच्या लोकरीतला काटा काढून टाकला. "म्या ठरवून न्हाई केलं, बाबू. हातानंच ठरवलं. सायेब गाडीत बसला, गाडी वळनावरनं गेली, तवा हात हलका झाला."

 एवढी वर्षं मी समजत होतो की भीतीनं एकाची वाचा नेली आणि एकाचा हात.

"शंकऱ्या डोळ्यापुढं येतो," तो म्हणाला. "त्याला काय उत्तर न्हाई माझ्यापाशी. सुभेदार म्हनला ते खरंच हुतं."

मेंढरं एकेक करून उठायला लागली होती. केरबाही उठला, घोंगडं झटकून खांद्यावर टाकलं. मग जाता जाता वळून त्यानं विचारलं, "बाबू, तुमी समद्यांची खबर ठेवता. सायेबाला झोप लागती का आता?"

"मला ठाऊक नाही," मी म्हणालो.

"इचारून बघा कुनाला तरी," केरबा म्हणाला, आणि मेंढरांमागं उतरणीला लागला.